एका गाठीचे दोन रिपोर्ट

१२ जानेवारी, रविवार

बेअरिंगवाल्या सप्लायरने दिलेली ही डायरी. दरवर्षी माझी बायको मनोरमा ती किराणा मालाच्या याद्यांसाठी पळवते. यंदा मी आधी उचलली, कारण तिच्याच तोंडाची नोंद ठेवायची आहे.

खालच्या हिरडीवर, डाव्या बाजूला, दाढेजवळ आतून एक गाठ आली आहे. कधीपासून असं विचारलं तर आधी म्हणाली "दिवाळीपासून", मग "छे, नवरात्रात", मग "समिधा पुण्याहून आली होती ना, त्याच्या आधी". नोंद नसली की असं होतं.

मी हाटकेशला स्टीलच्या पाइप फिटिंगच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे. सव्वीस वर्षं झाली. घरात एक प्लास्टिकचा जुना व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, आहे, तो उकळून घेतला. मनोरमाने आ केला आणि आ केलेला असतानाही बोलत राहिली, त्यामुळे पहिली तीन मापं रद्द करावी लागली. चौथं माप: लांबी १८.४ मिलिमीटर. रंग बाकीच्या हिरडीसारखाच. दाबली तर दुखत नाही.

"मी काय तुमचा वॉशर आहे का हो?" ती म्हणाली. वॉशर मापताना बोलत नाही.

१९ जानेवारी, रविवार

१८.८.

शेजारच्या हंसाबेन येऊन बघून गेल्या. "अरे मनोरमाबेन, कुछ नहीं है, लौंग का तेल लगाओ, मेरी सासू को भी ऐसाच था." सासूबाईंना नेमकं काय होतं हे मी विचारलं. दात दुखत होता. म्हणजे ऐसाच नव्हतं. तरी मनोरमा लवंगेचं तेल लावते आहे. घराला पानाच्या गादीचा वास येतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

१९.६. तेल बंद केलं आणि नवघर रोडवर डॉ. क्षितिजांकडे गेलो. त्या तोंडाच्या सर्जन आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. वय आमच्या लेकीपेक्षा, समिधापेक्षा, चार-पाच वर्षांनी जास्त असेल. एक्स-रे काढला. हाड ठीक दिसतंय म्हणाल्या.

"काकू, तंबाखू? मिश्री? काही लावायची सवय?"

मनोरमाला हे लागलं. रत्नागिरीकडची बाई म्हटली की मिश्री असणारच असं लोक धरून चालतात म्हणाली. तिच्या आईने लावली, हिने कधी नाही. मग आईची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी ऐकून घेतली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

मी वहीतली मापं दाखवली. त्या म्हणाल्या, "काका, अशा गाठी बहुतेक साध्याच असतात. पण नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवू." हे मला पटलं. आम्हीही नुसतं बघून माल पास करत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तुकडा काढला. तो एका लहान बाटलीत औषधाच्या पाण्यात घालून माझ्या हातात दिला. लॅबला नातेवाइकांनीच नेऊन द्यायचा असतो. "बाटली उघडू नका, आजच्या आज पोचवा," असं डॉ. क्षितिजांनी सांगितलं. का उघडू नका, ते सांगितलं नाही.

आमच्याकडे महत्त्वाच्या मालाचा नमुना कधीही एका लॅबला जात नाही. दोन भाग करायचे, दोन वेगळ्या लॅबना द्यायचे, एकीला दुसरीचं सांगायचं नाही. दोन्ही रिपोर्ट जुळले तर माल पास. ही पद्धत मीच सुरू केली, ऑडिटरने तिचं कौतुक केलं होतं. फिटिंगला जी काळजी घेतो ती बायकोला घ्यायची नाही, हे काही मला बरं वाटेना.

मनोरमा गालाला बर्फ लावून झोपली होती. मी बाल्कनीत नवीन ब्लेड घेतलं आणि तुकड्याचे दोन भाग केले. शक्य तितके समान. दुसऱ्या भागासाठी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळून ठेवली होती, त्यात निम्मं पाणी ओतलं. चिठ्ठीची झेरॉक्स काढली. एक भाग डॉक्टरांनी सांगितलेल्या लॅबला दिला, दुसरा मिरा रोडच्या एका लॅबला.

मनोरमाला सांगितलं नाही. तिला सांगितलं की ते हंसाबेनना कळतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला रिपोर्ट आला. साधी, तंतूंची गाठ. मनोरमाने शिरा केला आणि उजव्या बाजूने खाल्ला. समिधाला फोन केला, पंचेचाळीस मिनिटं.

डॉ. क्षितिजांचा फोन आला. "काका, लॅबवाले म्हणतात नमुना फारच लहान होता. मी तर चांगला मोठा काढला होता."

"आकसला असेल," मी म्हणालो.

मग म्हणाल्या, रिपोर्ट चांगला असला तरी गाठ पूर्ण काढावी लागेल, दोन आठवड्यांत या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा रिपोर्ट आणायला युनिटमधून परस्पर गेलो. जुळत नाही. लांबट पेशींची गाठ, पेशी वाढीला लागलेल्या दिसतात, सार्कोमा नाही असं म्हणता येत नाही, पुढची तपासणी करावी, असं आहे. सार्कोमा म्हणजे काय ते लॅबच्या बाहेर उभं राहून मोबाइलवर बघितलं. कॅन्सरचाच एक प्रकार आहे.

दोन लॅबचं जुळलं नाही तर आमच्याकडे तिसरीला पाठवतात. पण पाठवायला नमुना उरलेला नाही. दुसरा काढायचा तर का ते सांगावं लागेल.

मला भीती वाटली. डायरीत असं लिहायची सवय नाही, पण वाटली ती वाटली.

रिपोर्ट कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात, युनिटच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटांच्या फायलीत ठेवला आहे. त्या फायलींना मनोरमा हात लावत नाही. त्यांच्यावरच्या धुळीबद्दल फक्त बोलते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी, पण डिस्पॅच होता म्हणून गेलो. परत आलो तर मनोरमाने अख्खं कपाट पुसून काढलं होतं. तीन वर्षं नुसती बोलत होती, आज मुहूर्त लागला. मी लगेच फाईल बघितली. रिपोर्ट जागेवर होता.

तिचे डोळे लाल होते. धुळीने, म्हणाली. संध्याकाळभर फारशी बोलली नाही. टाके ओढत असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मनोरमाने माझ्याकडे युनिटची पांढरी स्टिकरं मागितली आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लावली. जिरं. ओवा. कुळथाचं पीठ. तिखट दोन प्रकारचं, "कमी" आणि "खरं". प्रत्येक लेबलावर तारीखही घातली, मी युनिटमध्ये घालतो तशी. तीस वर्षं तिला लेबल लागलं नाही, ती वासावरून डबा उघडते. मी म्हणालो, उशिरा का होईना पण सिस्टिममध्ये आलीस. ती हसली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

२१.०.

आज मला भात लावायला शिकवलं. मला येतो असं सांगितलं, तरी तीनदा लावायला लावला. तीनही भात आम्हीच खाल्ले. मग कुळथाची पिठी. गुठळी कशी होऊ द्यायची नाही यावर वीस मिनिटं. पुढे रिटायर झालात की कामाला येईल, म्हणाली. रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत. पण हल्ली तिला सगळ्याचीच घाई झालीय. वयामुळे होतं म्हणतात.

१ मार्च, शनिवार

मला मासे घ्यायला घेऊन गेली. मी मासे आणत नाही. सुरमई आणि घोळ मला सारख्याच दिसतात. मोरवा गावच्या विमलाबाईंकडून ती बावीस वर्षं घेते.

"विमलाबाई, ह्यांना ओळखून ठेवा. हे एकटे आले तर ताजंच द्या, फसवू नका."

विमलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "का गो? तू न्हाय येनार मंग?"

"येईन की. न यायला काय झालंय."

विमलाबाईंनी दोन बांगडे वरून घातले. असं त्या कधी करत नाहीत. मनोरमाने मला कल्ले उचलून आतला लाल रंग कसा बघायचा ते दाखवलं. हे एक प्रकारचं इन्स्पेक्शनच आहे, मला जमलं.

५ मार्च, बुधवार

२२.७. माप चुकत असेल म्हणून व्हर्निअर युनिटमध्ये नेऊन तपासला. बरोबर आहे.

डॉ. क्षितिजांच्या क्लिनिकमधून दोन फोन येऊन गेले होते. आज वार नसतानाही त्यांची वेळ मागून घेतली, एकटाच गेलो आणि दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले.

त्यांनी दोन्ही वाचले. "हा दुसरा कुठून आला?"

मी पद्धत समजावून सांगितली.

"काका, तुम्ही बायोप्सीचा तुकडा कापलात?"

"समान कापला."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग ओरडतील असं वाटलं, पण हळू बोलल्या. "तुमच्या पाइपचा तुकडा कुठूनही घ्या, स्टील तेच असतं. गाठ तशी नसते. एका कडेला साधी, दोन मिलिमीटरवर वेगळी. म्हणून लॅबला अख्खा तुकडा लागतो. तुम्ही एका लॅबला कड दिलीत, दुसरीला मधला भाग. दोघांनीही खरंच सांगितलं, अर्धं अर्धं."

सव्वीस वर्षांत माझ्या पद्धतीत कोणी चूक काढली नव्हती. ही बरोबर काढली.

"आणि वीस दिवस हा रिपोर्ट घरात ठेवलात?"

"सोळा."

"काकूंना आज सांगा. नाहीतर मी सांगते."

मी सांगतो म्हणालो. संध्याकाळी सांगितलं नाही. जेवताना दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा मीठ मागितलं.

६ मार्च, गुरुवार

सकाळी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सगळं सांगितलं, ब्लेडसकट. लाटणं थांबलं नाही. "बरं," म्हणाली, "मग कधी निघायचं?"

मला वाटलं होतं रडेल, निदान ओरडेल. लपवण्याचं कारण मी तयार ठेवलं होतं, ते वापरावंच लागलं नाही. कागदपत्रांची पिशवीही तयार निघाली: आधार, एक्स-रे, दोन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स. दुसऱ्याची झेरॉक्स मी केव्हा काढली ते आठवत नाही.

१० मार्च, सोमवार

डॉ. क्षितिजांच्या चिठ्ठीने मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. दोन्ही लॅबनी नमुने मेणात बसवून ठेवलेले असतात, ते आपल्याला देतात. त्या मेणाच्या दोन चौकोनी वड्या डबीत घालून शर्टाच्या खिशातून नेल्या. या वेळी डबी उघडली नाही.

चार खिडक्यांवर चार वेळा "तंबाखू?" असं विचारलं. चौथीवर मनोरमा म्हणाली, "लिहा. लवंगेचं तेल."

२४ मार्च, सोमवार

नाव मिळालं. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं आणि तीनदा तपासलं: लो ग्रेड मायोफायब्रोब्लास्टिक सार्कोमा. तिथल्या सर्जनबाई म्हणाल्या, ही फार क्वचित दिसणारी गाठ आहे, तंबाखूशी काही संबंध नाही. मनोरमाने माझ्याकडे असं बघितलं, जणू तंबाखूचा संशय मीच घेतला होता.

शरीरात जखम भरून काढणाऱ्या पेशी असतात. काम संपलं की त्यांनी थांबायचं असतं. ह्या थांबल्या नाहीत, आणि हळूहळू आजूबाजूला शिरत राहतात. छातीच्या स्कॅनमध्ये काही नाही, म्हणजे गाठ अजून हिरडीतच आहे. औषधाने जाणार नाही, कापून काढायची. गाठ, तिच्या भोवतीचा चांगला भाग, तीन दाढा आणि खालच्या जबड्याच्या हाडाची वरची कड. जबडा तुटणार नाही, वरून तासल्यासारखा होईल.

"दोन्ही तुकडे एकत्र ठेवल्यावर चित्र पूर्ण झालं," सर्जनबाई म्हणाल्या. "पण पुन्हा असं करू नका."

मी किती उशीर झाला ते विचारलं. ही गाठ सावकाश वाढते, तीन आठवड्यांनी फरक पडला नसावा, म्हणाल्या. "नसावा" हा शब्द मी लिहून घेतला आहे.

मनोरमाने सबंध वेळात एकच प्रश्न विचारला. "बोलता येईल ना?"

येईल, पण काही महिने ओठ बधिर राहील, शब्द बोबडे येतील. कदाचित थोडं कायमचं राहील. हे ऐकून ती पहिल्यांदा रडली. कॅन्सर म्हटल्यावर नाही, ह्याला. मी पाण्याची बाटली उघडून दिली.

७ एप्रिल, सोमवार

ॲडमिट केलं. उद्या ऑपरेशन. समिधा आली आहे. मनोरमा दुपारपासून बोलते आहे. वॉर्डमधल्या सगळ्यांशी, आयाशी, माझ्याशी. लग्नात माझ्या काकांनी मानपानावरून केलेलं भांडण पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी मध्ये घड्याळ बघितलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

काल ऑपरेशन झालं, पाच तास. शुद्धीवर आहे. नाकातून नळी आहे. बोलायला मनाई.

समिधा तिथे थांबली, मी कपडे न्यायला घरी आलो. भूक लागली होती म्हणून भात लावला, एकदाच, चांगला झाला. पिठी करायला डबा काढला. "कुळथाचं पीठ. २०/२. संपलं की इथल्या दुकानात नाही मिळत, समिधाला सांगणे."

माझं कामच तारखा जुळवायचं आहे. रिपोर्ट मी १७ ला ठेवला. कपाट १९ ला पुसलं. लेबलं २० ला लागली. त्यानंतर भात, त्यानंतर मासे. खोट कुठून आली ते शोधायला मला एरवी दहा मिनिटं लागतात. इथे सात आठवडे लागले.

तिला पंधरा दिवस माहीत होतं. मी तिच्यासमोर बसून व्हर्निअर लावत होतो आणि माप थोडं कमी करून सांगत होतो, आणि ती "बरं" म्हणत होती. मी वयामुळे होतं असं लिहून ठेवलंय. ते पान फाडणार नाही. असलेली नोंद काढायची नसते.

ओट्याशी उभा राहून रडलो. पिठीत गुठळ्या झाल्या. खाल्ली.

१३ एप्रिल, रविवार

समिधाची शाळेतली पाटी हॉस्पिटलात नेली आहे. मनोरमा त्यावर लिहिते. आजची नोंद: "हंसाबेनला चावी दिलीत का", "कुंडीला पाणी", "तुमचा शर्ट उलटा आहे".

मी म्हणालो, "तुला तेव्हाच माहीत होतं."

तिने पेन्सिल घेतली. मग लिहिलं: "तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मी पुसायला फडकं घेतलं, तिने हात धरला. थोडा वेळ तसंच राहू दिलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

घरी आलो. नळी निघाली, पातळ पेज चालते. ती मी करतो. घर फार शांत आहे. मिक्सर लावायला मी काहीतरी निमित्त शोधतो.

२२ एप्रिल, मंगळवार

काढलेल्या भागाचा रिपोर्ट. सर्व बाजूंनी साफ.

"सगळ्यात जवळची कड किती मिलिमीटर?" मी विचारलं.

"सहा," सर्जनबाई म्हणाल्या.

"कुठल्या बाजूची?"

त्यांनी चित्र काढून दाखवलं. जिभेकडची. बाकी सगळीकडे आठच्या वर. आणखी औषध, रेडिएशनचा शेक काही नको. दर तीन महिन्यांनी तपासणी, तीही बरीच वर्षं, कारण ही गाठ त्याच जागी परत येऊ शकते. मी तारखा लिहून घेतल्या. दाराबाहेर आल्यावर मनोरमाने माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला. मला आवडलं.

व्हर्निअर युनिटमध्ये नेऊन ठेवला.

४ मे, रविवार

ती आता बोलते. ओठाची डावी बाजू तिच्या ऐकण्यात नाही, शब्द तोंडात भिजून बाहेर येतात. फोनवर हंसाबेनना निम्मं कळत नाही, म्हणून त्या समोर येऊन बसतात. लाजून ती परक्यांशी बोलायचं टाळते. मोरव्याच्या विमलाबाईंकडे अजून मीच जातो. काल त्यांनी विचारलं, "बोलते का रं ती? मंग तिला पाठव, तुला काय समजत न्हाय."

सकाळी बाजारातून आलो तर ओट्यावर तेलाची वाटी आणि चुरगाळलेल्या पांढऱ्या कागदांचा ढीग होता. मनोरमाने सगळ्या डब्यांवरची लेबलं काढून टाकली होती. डिंकाचे डागसुद्धा तेलाने पुसून काढले होते. मला विचारलं नाही. आणि ती आत जाऊन आडवी झाली होती, दमली असेल.

भाजी मी करणार होतो. तिखटाचे दोन डबे, दोन्ही एकाच मापाचे, आत दोन्ही लाल. वास घेऊन बघितला, शिंक आली, फरक कळला नाही.

"मनोरमा, कमी तिखटाचा डबा कुठला?"

आतून ती काहीतरी म्हणाली. नीट कळलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, सावकाश. मी तिसऱ्यांदा विचारलं.

"अहो, कान गेले का तुमचे? डावीकडचा! तीस वर्षं डावीकडेच आहे!" आणि मग तिथून पुढे ती बोलतच राहिली, डब्यांवरून माझ्या नजरेवर, नजरेवरून काकांच्या मानपानावर.

दुसऱ्या वेळीच कळलं होतं.